गाळून दिलेलं पाणी

जीपमध्ये एकच जागा उरली होती, आणि त्या जागेवर एक पेटी बसली होती. पिवळी, टणक, दोन कड्यांनी बंद केलेली. शेजारचा तरुण तिच्यावर हात ठेवून असा बसला होता, जणू धाकट्या बहिणीला सासरी पोचवायला निघालाय.

वनमालाच्या एका हातात ब्लीचिंग पावडरची पिशवी होती, दुसऱ्या हातात रिकाम्या बाटल्यांचं खोकं. टेकडवाडीच्या ग्रामपंचायतीची ती जलसुरक्षक. टाकीत औषध टाकायचं, महिन्याला पाण्याचे नमुने भरून तालुक्याला पोचवायचे, आणि पाण्याला वास आला की अख्ख्या गावाची बोलणी खायची, हे तिचं काम. नांदूरघाटच्या स्टँडवर तासभर ताटकळल्यावर माणसाचा स्वभाव जेवढा गोड राहील तेवढाच तिचा राहिला होता.

"उचला ती पेटी."

"तिचं तिकीट काढलंय ओ मी."

"पेटीला शीट आन् माणसानं लोंबकळायचं? कोणत्या गावचा न्याय हाय ह्यो?"

तो हसला आणि उठलाच. "तुमी बसा. फक्त हिला मांडीवर घ्या. हलू देऊ नका... लई नाजूक हाय."

मग तो मागच्या फळीवर उभा राहिला. रस्ता म्हणजे नुसते खड्डे. प्रत्येक खड्ड्याला तो वाकून आत डोकावायचा. "झोपलीय ना?"

"झोपलीय. बापच जास्त घाबरायलाय," वनमाला म्हणाली, आणि अख्खी जीप हसली. तोही हसला. हसताना त्याचे कान लाल होतात हे तिनं पाहिलं, आणि आपण पाहिलं म्हणून लगेच नजर बाहेर तुरीच्या रानाकडं वळवली.

टेकडवाडीच्या फाट्यावर दोघं एकदमच उतरली. पेटी परत घेताना त्यानं विचारलं, "मोहनरावांचं बोअर कुठं हाय? यादीत सगळ्यात खोल तेच दिसायलंय. सातशे ऐंशी फूट."

"कावून?"

"पाणी मोजायचंय."

"पाणी मोजायचं तर मला सांगायचं. मीच हाय पाणीवाली. आन् मोहनराव माझेच वडील."

त्याचं नाव युवराज. बीडजवळच्या एका खेड्यातला, विद्यापीठात संशोधन करणारा. वाटेनं चालता चालता त्यानं सांगितलं ते असं: खडकाच्या पोटात एक वायू तयार होतो, रेडॉन. रंग नाही, वास नाही, चव नाही. खोल बोअरच्या पाण्यात तो विरघळून वर येतो. आपल्याकडच्या काळ्या खडकात फारसा नसतो, म्हणून तर त्याचे सरही म्हणाले होते की काही सापडायचं नाही. पण कुठं जास्त असला आणि वर्षानुवर्षं श्वासातून गेला, तर फुप्फुसाला धोका. पाण्यातून गेला तर थोडाफार पोटाला.

"पोटाला" म्हटल्यावर वनमालाची पावलं मंदावली. त्याला वाटलं, खोकं जड झालं असेल. त्यानं न विचारता तिच्या हातातलं खोकं घेतलं.

त्याला काय ठाऊक! सात वर्षांपूर्वी मोहनरावांनी ते बोअर पाडलं, ते बायकोसाठी. मंजुळाबाई खालच्या विहिरीवरून डोईवर पाणी आणायची, तिची मान धरायची, म्हणून. पाणी लागलं तेव्हा मोहनरावांनी गावाला पेढे वाटले होते. पाच वर्षांनी मंजुळाबाईच्या पोटात गाठ निघाली. बार्शीला उपचार झाले, जमेल ते सगळं झालं, आणि ती गेली. तिथं वॉर्डात कुणीतरी विचारलं होतं, "पाणी कोणतं पिता? बोअरचं?" आणि मान हलवली होती. विचारणारा डॉक्टर होता की दुसऱ्या एखाद्या रोग्याचा पाहुणा, कुणास ठाऊक. मोहनरावांना मात्र तो निकालच वाटला. आपण हौसेनं पाडलेल्या बोअरनं आपली बायको नेली, असं त्यांनी मनाशी धरलं. त्यानंतरची दोन वर्षं त्यांची बाज बोअरशेजारच्या मोटारीच्या खोलीत होती. घरात पाय ठेवायचे ते जेवणापुरते, आणि जेवायचे ते वनमाला समोर बसली तरच.

मोहनरावांनी बोअरपाशी आलेल्या युवराजचं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझ्या मशिनीत दिसंल का?"

"काय, काका?"

"माझं मानूस कशानं गेलं ते."

युवराजनं पेटीच्या कड्या उगाच उघडल्या, पुन्हा लावल्या. जीपमध्ये चुरूचुरू बोलणारा हाच का तो, असं वनमालाला वाटलं. "मशिनीत पाणी दिसतं, काका," तो हळू म्हणाला. "मानूस न्हाई दिसत."

त्या दिवशी मोजणी झालीच नाही, कारण लाईट नव्हती. शेतीच्या लाईनीला त्या आठवड्यात रात्रपाळी. युवराजला पुढच्या गावी पोचायचं होतं. त्यानं वनमालाकडं दोन काचेच्या बाटल्या दिल्या. "थेट बोअरचं भरा. काठोकाठ. आत बुडबुडा राहू देऊ नका. सकाळी स्टँडवर घेतो."

"अजून काही हुकूम?"

"हाय की. सकाळी जीपमदी शीट तुमची."

वनमालानं बाटल्या भरल्या, पण बोअरच्या नव्हे. रात्री लाईट येईल न येईल, म्हणून तिनं संध्याकाळीच घरातल्या रांजणातलं पाणी घेतलं. आदल्या दिवशीचं, चौपदरी फडक्यातून गाळलेलं. ते पुन्हा एकदा गाळलं, वरून धार धरून बाटल्या काठोकाठ भरल्या आणि झाकणं घट्ट लावली. बुडबुडा राहिला नव्हता. पाणी बोअरचंच तर होतं! आणि विद्यापीठात जायचं पाणी काय बिनगाळलेलं द्यायचं? पाहुण्याच्या हातात बिनगाळलं पाणी देणारीला मंजुळाबाईनं उभ्या जन्मात माफ केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी युवराजचा फोन आला. आकडा अकरा. शंभराच्या वर गेला तर काळजी करायची. "काकांना सांगा, चांगलं पाणी हाय."

मोहनरावांनी आकडा तीनदा विचारला. रात्रीच्या जेवणाला त्यांनी भाकरी मागून घेतली. मागून! दोन वर्षांत पहिल्यांदा. आठवड्याभरात त्यांनी दाढी केली, नारायणगडाला जाऊन दर्शन घेतलं, पारावर बसू लागले. भेटेल त्याला सांगायचे, "विद्यापीठानं तपासलंय माझं बोअर. अकरा!" ज्या शेजारणी कुजबुज ऐकून दुसरीकडं पाणी भरायला लागल्या होत्या, त्या पुन्हा घागरी घेऊन यायला लागल्या. बाज मात्र मोटारीच्या खोलीतच राहिली. आता तर भीतीच नाही म्हणाले.

युवराजची मोजणी आसपासच्या गावांत महिनाभर चालणार होती, आणि त्याला पाण्याची माहिती असणारं माणूस सोबत हवं होतं. म्हणजे, असं तो ग्रामसेवकाला म्हणाला. ग्रामसेवकानं वनमालाकडं बघितलं, वनमालानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं.

मग सुरू झाल्या त्या फेऱ्या. वनमालाच्या स्कूटीवर पुढं पायाशी पेटी, मधे ती, आणि मागं बसलेला तो. कुठं हुरडा पुढ्यात यायचा, कुठं नुसता चहा. ज्वारीचं कणीस तळहातावर चोळून, फुंकून, तो दाणे आधी तिच्या हातावर ठेवायचा.

"तुमचा तो वायू कितीक दिवस टिकतो?" तिनं एकदा विचारलं.

"चार दिवसांत निम्मा होतो. अजून चार दिवसांत त्याच्या निम्मा."

"मानसांचं बी तसंच असंल. महिन्यानं काय राहायचं?"

तो हातातल्या कणसाकडं पाहत राहिला. "माझं न्हाई तसं... माझं वाढायलंय."

वनमालानं तळहातावरचे दाणे तोंडात टाकले. स्कूटी मात्र त्या दिवशी तिनं फार हळू चालवली.

सारजाबाई म्हणून एका म्हातारीच्या बोअरवर त्यानं तिला नमुना भरायला शिकवला. बादलीत नळी तळाशी सोडायची, पाणी वाहू द्यायचं, मग बाटली पूर्ण बुडवायची आणि झाकण पाण्याच्या आतच लावायचं. पाणी बर्फासारखं गार होतं. चार हात कोपरापर्यंत बादलीत, आणि झाकण काही आट्यांवर बसेना. त्याची बोटं तिच्या बोटांवर आली, थांबली. दोघांपैकी कुणीच हात काढला नाही.

"एवढं बुडवून कावून भरायचं?" तिनं विचारलं. काहीतरी बोलायला हवंच होतं.

"वायू लई पळपुटा हाय. पाण्याला हवा लागली, धार वरून पडली, की निघून जातो. ओतलेल्या पाण्यात काहीच घावत न्हाई. गाळलेलं असंल तर मंग इचारूच नका."

वनमालाचे हात पाण्यातच थिजले. तिनं ते बाहेर काढले, ओढणीला पुसले आणि डोकं दुखतंय म्हणून घरी निघून गेली.

खरं सांगायचं तर पुढचे पाच दिवस ती भेकडासारखी वागली. फोन उचलला नाही. भरायच्या बाटल्या दुसऱ्याच्या हाती पाठवल्या. आणि तिला दोष तरी कसा द्यावा? घरात तिचे अण्णा, मोहनराव, भाजीला मीठ कमी झालं म्हणून कुरकुरत होते. कुरकुरत होते! जो माणूस दोन वर्षं पुढ्यात येईल ते गिळायचा, त्याला चव कळायला लागली होती. तो आकडा खोटा आहे हे त्यांना सांगायचं कुणी? चूक तिची, तर मग ओझंही तिनंच वाहावं. आईला तर परत आणता येणार नव्हतं.

सहाव्या दिवशी युवराज ग्रामपंचायतीच्या ओट्यावर येऊन बसला. पेटी नव्हती.

"माझं काही चुकलं का?" त्यानं विचारलं. "बादलीत... मी हात..."

"तसं न्हाई ओ."

"मग काकांची तब्येत? ते अजून त्या खोलीतच झोपतेत?"

"हो. कावून?"

"सांगणारच होतो. तुमचं पाणी चांगलं हाय, म्हणून चिंता न्हाई. पण कुठं आकडा मोठा निघाला तर पिण्यापेक्षा बंद खोली वाईट. पाणी आत पडतं, वायू तिथंच कोंडतो, आन् मानूस रात्रभर तोच श्वास घेतो."

मोहनरावांच्या खोलीला खिडकी नव्हती. मोटारी चोरीला जातात म्हणून ठेवलीच नव्हती. बोअरचं पाणी आधी त्या खोलीतल्या हौदात पडायचं आणि मग वस्तीवर जायचं. हौदापासून दोन हातांवर बाज होती.

वनमाला उभ्या उभ्या रडायला लागली. सगळं सांगितलं तिनं. लाईट, रांजण, चौपदरी फडकं, आईची शिस्त आणि मागून घेतलेली भाकरी. "शिकलेली म्हणवते आन् असं केलं," ती म्हणाली. "रागवा की."

तो रागावला नाही. "चूक माझी बी हाय. कसं भरायचं ते दाखवाय पायजे होतं. नुसत्या बाटल्या देऊन निघून गेलतो मी." मग, "परत मोजावं लागंल, वनमाला."

तिचं नाव त्यानं पहिल्यांदाच असं घेतलं होतं. कोणत्या वेळी घेतलं बघा.

"आन् ते परत जेवायचे बंद झाले तर?"

"तर आपण दोघं त्यांच्यासमोर बसू."

दुसऱ्या दिवशी लाईट असताना, मोहनरावांच्या देखत, दोघांनी बादलीत हात घालून बाटली भरली. पेटी खोलीत लावून दार ओढून घेतलं. बाहेर लिंबाखाली तिघं बसून राहिली. वनमालानं अण्णांना सगळं आधीच सांगितलं होतं. ते चिडले नव्हते, पण रात्रीची भाकरी अर्धीच टाकून उठले होते, आणि तेच जास्त वाईट होतं.

आकडा एकशे बत्तीस आला. खोलीतला तर विचारू नये असा.

मोहनराव जमिनीकडं बघत म्हणाले, "मंग ह्यानंच मारलं तिला."

वनमालानं युवराजकडं पाहिलं. एक शब्द हवा होता. न्हाई काका, एवढंच. कुणीही म्हटलं असतं. तिनं डोळ्यांनी तो शब्द मागितलासुद्धा. युवराजला ते कळलं, हे तिला दिसलं.

"काका, ते मला सांगता येत न्हाई," तो म्हणाला. "हजारो मानसं वर्षानुवर्षं असं पाणी प्याली, तर त्यातल्या एखाद्याला जास्त होईल, एवढंच आमाला कळतं. तो एखादा कोण, ते मशिनीला कळत न्हाई. डॉक्टरला बी न्हाई. मी हो म्हणलो तरी खोटं, न्हाई म्हणलो तरी खोटं."

वनमालाला त्या क्षणी त्याचा राग आला, अगदी मनापासून. या माणसाला एवढंही जमू नये? आणि त्या रागातच तिच्या तोंडून निघालं, "पण आई कुठं थेट नळाचं पाणी प्यायची?"

"म्हंजी?" मोहनराव म्हणाले.

"संध्याकाळी भरून ठेवायची. सकाळी चौपदरी लुगड्यातून गाळून रांजणात. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाळून तांब्यात. पाच वर्षांत एकदा तरी तिनं नळाला तोंड लावलं का, अण्णा? मी बाटली भरली ती तिच्याच पद्धतीनं. तिनंच लावलेली सवय हाय ती."

ती बोलता बोलता थांबली. आपण काय बोललो ते तिलाच आत्ता कळत होतं.

युवराजनं वही काढून पहिल्या बाटलीची खोडलेली नोंद पाहिली. घाईनं हो म्हणून टाकणारा तो नव्हताच. "ती बाटली बोअरची न्हवती," शेवटी तो म्हणाला, "म्हणून मी ती खोडली. पण काकू प्यायच्या ते पाणी तसंच असंल, हे खरं. त्यात अकरा होतं. बाकी काय झालं कशानं झालं, ते मी सांगत न्हाई. पण काकूंच्या तांब्यात अकरा होतं, हे लिहून देतो."

"लिहून कशाला," मोहनराव म्हणाले. "एकदा परत म्हन."

"काकूंच्या तांब्यात अकरा होतं, काका."

मोहनरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बायको गेली तेव्हाही न रडलेला तो माणूस लिंबाखाली लहान लेकरासारखा रडला. वनमाला जवळ गेली नाही. काही रडणं एकट्याचंच असतं. नंतर ते उठले, तोंड धुतलं, खोलीत गेले आणि बाज स्वतःच्या खांद्यावर घालून घराकडं चालू लागले. युवराज मदतीला धावला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं.

पुढच्या पंधरा दिवसांत खोलीतला हौद बंद झाला. बाहेर उघड्यावर नवा हौद बांधला, आणि युवराजच्या सांगण्यावरून त्याच्या वर उंच आडवी नळी बसवली, भोकं पाडलेली. बोअरचं पाणी तिच्यातून शंभर धारांनी खाली पडायला लागलं. शेजारणींना वनमालानं घरोघर जाऊन सांगितलं: भरलेलं पाणी उघड्यावर ठेवा, वरून धार धरून ओता, गाळा, दुसऱ्या दिवशी प्या. "हे तर तुझी आईच सांगायची की," एक जण म्हणाली. मोहनरावांच्या खोलीला खिडकी पडली, दार काढून तिथं गज बसवले.

नव्या हौदाचं पाणी मोजलं, तर पंधरा. त्या दिवशी युवराजचं टेकडवाडीतलं काम संपलं.

माघाचं ऊन होतं. पडत्या धारांचे तुषार दोघांच्या अंगावर येत होते. वनमाला म्हणाली, "उद्या पेटी विद्यापीठात जमा व्हायची म्हणं."

"हो."

"आन् तुमी?"

"मला कोण जमा करून घेतंय?" तो हसला, पण कान लाल झाले नाहीत. "वनमाला, माझे आई-बाप दरसाल ऊस तोडायला जातेत. मी बी सातवीपर्यंत फडातच वाढलो. तुमचं घर बागायतदाराचं. मला तू लई आवडतेस... हे सांगायचं होतं, ते सांगितलं. मागायचं मात्र धाडस होत न्हाई."

"त्या दिवशी अण्णांसमोर धाडस झालं की. मी डोळ्यांनी भीक मागायलते, तरी खोटं बोलला न्हाईस." ती पहिल्यांदाच त्याला एकेरीवर आली होती. "लई राग आलता तुझा. घरी गेले आन् कळलं, ह्याच्यावर मी उभ्या जन्माचा भरवसा ठेवू शकते."

मागून मोहनरावांचा खाकरण्याचा आवाज आला. किती वेळ उभे होते, देवाला ठाऊक. ते दोघांकडं न बघता हौदापाशी गेले आणि पडत्या धारेखाली हात धरून धूत राहिले.

"तुझे मायबाप कोणत्या कारखान्याला असतेत?"

"साताऱ्याच्या अंगाला, काका."

"पट्टा कधी पडतो?" म्हणजे गाळप संपून माणसं घरी कधी यायची.

"मार्च सरता सरता."

"पडला की निरोप दे. मी येतो तुमच्याकडं."

"तुमी कशाला काका, त्यांनाच..."

"पोरीच्या बापानं जायचं असतं." मोहनरावांनी हात झटकले. "त्या दिवशी तू मला खोटंच 'न्हाई' म्हणला असतास, तर मी खुशीत तिथंच पोरगी देऊन मोकळा झालो असतो. तुला बी ते ठाऊक होतं. पन तू म्हणला न्हाईस. म्हणून देतो."

वनमालाला आईची फार, फार आठवण आली. तिनं अण्णा समोर असताना, कसलाही विचार न करता, युवराजचा हात धरला.